मटणाच्या शेवया

आषाढाचा शेवटचा रविवार आमच्या घरात कधीही वादाचा विषय नव्हता. श्रावण लागला की महिनाभर घरात मटण शिजत नाही, म्हणून त्याआधीच्या रविवारी मी सकाळी सहाला खाटकाकडून हिस्सा आणतो, बाबा अंगणातल्या टिनाच्या शेडाखाली चूल पेटवतात, आई ओसरीत बसून पाट्यावर मसाला वाटून बाहेर पाठवते आणि दुपारी दोनच्या सुमाराला सगळे घर घाम पुसत आणि नाक ओढत जेवते. ही व्यवस्था आजोबांच्या काळापासून चालत आलेली आहे. गेल्या आषाढात मात्र नागपूरला वसतिगृहात राहून शिकणारी आमची कन्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यवतमाळमार्गे घरी आली, ती टॉवेलात गुंडाळलेले मोझरेला चीज आणि फोनमध्ये साठवलेली एक अमेरिकन पाककृती घेऊनच.

पदार्थाचे नाव पिझ्झा बर्गर असे होते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून ज्याचे नाव पडले तो बर्गर आणि इटलीतल्या नेपल्सचा पिझ्झा यांचे लग्न अमेरिकेत लागले होते आणि पंगत मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अंगणात उठायची होती. कन्येने कृतीची पहिली ओळ वाचली आणि 'बीफ' हा शब्द आजीच्या कानावर पडू नये म्हणून आवाज एकदम खाली आणला. ताजे दळलेले गोमांस, त्यात ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी, असे तिथे लिहिलेले होते. आपल्या राज्यात गाईला १९७६ च्या कायद्याने आणि बैलाला २०१५ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालेले आहे. पण ज्या घरात पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून त्याला पुरणपोळीचा घास भरवतात, त्या घरात कायद्याच्या आधी आई आडवी येते. तेव्हा गोमांस अमेरिकेतच राहू द्यावे आणि आपण बोकडावर भागवावे, असे ठरले. एका प्राण्याच्या जागी दुसरा प्राणी घातला की काम झाले, असे मला त्या रात्री वाटले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असे वाटणे अधिकच अक्षम्य होते.

आमच्या गावात मटण किलोवर कमी आणि हिश्श्यावर जास्त विकले जाते. बोकड कापले की त्याचे सारखे हिस्से पडतात. प्रत्येकात थोडी मांडी, थोडी फासळी, कलेजीचा एखादा तुकडा, आणि नळी कोणाकडे गेली यावरून दिवसभर पुरेल एवढी कुरबूर. ही समता इतकी मुरलेली आहे की सरपंचांनाही तिच्यातून सूट नाही. अशा ठिकाणी, आखाडीच्या गर्दीत, ओंडक्यासमोर उभे राहून मी खांद्याचे आठशे ग्रॅम बिनहाडाचे मांस आणि वेगळी दोनशे ग्रॅम चरबी मागितली. खाटीकभाऊंचा सुरा हवेतच थांबला.

"मास्तर," ते म्हणाले, "बोकड का बिना हड्डीचं उभं होतं का?"

मागे रांगेत हशा पिकला. मी आवाज खाली आणून चरबीचे महत्त्व समजावू लागलो. मांस नुसतेच, बिनचरबीचे असले तर भाजताना ते आकसून कोरडे पडते, चरबी वितळली तरच आत ओलावा राहतो, वगैरे. भाऊंनी सगळे ऐकून घेतले. "अख्खं गाव चरबी काढून मांगते, अन् तुम्ही टाकून मांगून राह्यले," ते म्हणाले, तेव्हा रांगेतून कोणीतरी सहानुभूतीने बोलले, "डॉक्टरनं सांगतलं असन." तिसऱ्याने लगेच डॉक्टरचे नाव विचारले, कारण त्याला तोच डॉक्टर हवा होता.

शेवटी मी दोन पूर्ण हिस्से घेतले, हाडे घरी सोडवण्याचे ठरवले आणि चरबीपुरता प्रश्न गावानेच सोडवला. रांगेतल्या प्रत्येकाने आपल्या हिश्श्यातून काढलेली चरबी मोठ्या मनाने माझ्या पिशवीत टाकली. घरी येऊन वजन केले तेव्हा ती दीड किलो भरली.

हाडे बाबांनी ताबडतोब ताब्यात घेतली. "तुमचं होईस्तोवर पोटाले काहीतरी लागनच ना," असे म्हणून त्यांनी सकाळी आठ वाजताच रस्सा चढवला, आणि पुढचे सहा तास आमच्या नव्या पदार्थाला त्या वासाशी झुंजावे लागले.

कृतीत पुढे असे होते की मांस, चरबी आणि दळण्याचे यंत्र हे तिन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे. यात तथ्य आहे. चरबी गार आणि घट्ट असली तर तिचे दाणे पडतात; कोमट असली तर ती मांसाला लेपासारखी फासली जाते आणि तव्यावर पडताच वाहून जाते. पण आदल्या रात्रीच्या पावसाने गेलेली वीज अजून आलेली नव्हती, आणि आमच्या फ्रीजमध्ये त्या वेळी आणि कपाटात एवढाच फरक होता की कपाटाला कुलूप लागते. आईने मातीच्या रांजणात ठेवण्याचा सल्ला दिला. रांजण गार होतो तो बाहेरच्या अंगावरचे पाणी वाळते म्हणून, आणि आषाढातल्या दमट हवेत ते वाळत नाही, हे मी तिला सांगितले. "मंग शिकून उपेग काय," ती म्हणाली, आणि या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आता दळायचे कशात, हा प्रश्न उरला. विजेअभावी मिक्सर बंद होता आणि विजेसह तो चटणीचा असल्यामुळे बंदच होता. पाट्याकडे मी नुसते पाहिले तरी आईने त्यावर पदर टाकला. तेवढ्यात कन्येची नजर माळ्यावर गेली आणि तिथे, सुती कापडात बांधलेले, आमचे हाताने फिरवायचे शेवयांचे मशीन होते. तेच तोंड, तोच आतला फिरता स्क्रू, तीच पुढची जाळी आणि तोच हँडल. तिच्या फोनमधले मांस दळण्याचे यंत्र आणि हे मशीन शेजारी ठेवले असते तर सख्खे भाऊ वाटले असते. अडचण एवढीच होती की ते मशीन नावापुरते आमचे आहे. दर वैशाखात ते साऱ्या गल्लीत फिरते, आणि त्यातले सर्वांत जास्त दिवस शेजारच्या माळकरी काकूंकडे असते.

आईने बराच वेळ विचार केला. मग तिने अट घातली, की हे मशीन आज अंगणात उतरले की पुन्हा घरात चढणार नाही, ते गोठ्यात राहील, आणि याविषयी कोणीही तोंड उघडणार नाही.

मी ते बाजेच्या पाटीला पक्के आवळले. कन्या तुकडे टाकत होती, मी हँडल फिरवत होतो, आणि पहिली चार मिनिटे जाळीतून मांसाच्या लालसर लांब शेवया परातीत उतरत राहिल्या. "आता दूध-साखर टाका," ओसरीतून आई म्हणाली. पाचव्या मिनिटाला हँडल अडले. मी जोर लावला तेव्हा हँडल फिरण्याऐवजी बाज फिरली. उघडून पाहिले तर मांसावरचा पांढरा पातळ पडदा आणि शिरा स्क्रूला मौंज बांधल्यासारख्या गुंडाळल्या गेल्या होत्या. हा पडदा आधी सोलून टाकायचा असतो, असे कृतीतच लिहिलेले होते, पण ती ओळ जाहिरातीखाली गेली होती. त्यानंतर दर पाच मिनिटांनी मशीन उघडणे, सुईने जाळीची भोके मोकळी करणे आणि पुन्हा आवळणे असे करत एक किलो खिमा दीड तासात निघाला. खाटीकभाऊंनी तो दोन सुऱ्यांनी दहा मिनिटांत करून दिला असता.

खिमा पाहताच बायकोचे हात शिवशिवले आणि तिने मीठ घालून तो कणकेसारखा तिंबायला घेतला. कन्या ओरडली. मीठ घालून खिमा मळला की त्यातली प्रथिने सुटून एकमेकांना चिकटतात आणि वडी रबरासारखी उसळते. म्हणून हलक्या हाताने थापायचे, मधोमध अंगठ्याने खळगा करायचा म्हणजे भाजताना पोट फुगत नाही, आणि मीठ-मिरे तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून भुरभुरायचे. मसाला एवढाच. सावजीच्या मुलखाच्या शेजारी राहणाऱ्या, ज्यांच्या मटणात खसखस, खोबरे आणि मुठीने तिखट पडते, त्या घरात हे ऐकून शांतता पसरली. "नुसतं मीठ अन् मिरे?" आईने विचारले. "कोन बिमार आहे?"

पावाची जबाबदारी माझी होती. तालुक्याच्या बेकरीत खारी होती, टोस्ट होते, चहात बुडवायचा पाव होता, आणि गोल फुगीर बन म्हणून जे काही होते त्यात टुटीफ्रुटी होती. दुसरा पर्याय नसल्यामुळे बारा बन आणले, आणि बायको व मी ओसरीत समोरासमोर बसून केसांच्या पिनेने त्यातले लाल-हिरवे तुकडे टोकरून काढू लागलो. आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. इतके एकाग्र होऊन आम्ही दोघांनी मिळून दुसरे काहीही केलेले मला आठवत नाही. हिरवे पटकन सुटतात. लाल मात्र आत रंग सोडून जातात.

ओरेगॅनोची चिमटीएवढी पाकिटे कन्येने वसतिगृहात साठवलेली होती. आईने एक फोडून वास घेतला आणि "हा त ओवा होय" असा निकाल दिला. ती फारशी चुकली नव्हती. ओव्याचा वास थायमॉलचा आणि ओरेगॅनोचा प्रामुख्याने कार्व्हाक्रॉलचा, म्हणजे दोघे सख्खे नसले तरी चुलत भाऊ निश्चित आहेत. टमाट्याच्या दाट चटणीत ओरेगॅनो आणि तिला न सांगता थोडा ओवाही पडला. बेसिलच्या ऐवजी कन्या तुळशीवृंदावनाकडे वळली होती, पण आईची नजर पाहून ती नुसता नमस्कार करून परत आली.

वड्या आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापल्या पाहिजेत, अशी पुढची अट होती. ती अट रास्त आहे, कारण अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते बाहेरच्या बाजूला असतात, आणि दळले की तेच आतपर्यंत मिसळतात. शाळेतला तापमापक आणावा असे क्षणभर मनात आले होते. पण त्याने आजवर कोणकोणत्या रसायनांत डुबकी मारली आहे हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. बायको म्हणाली, "माझा कुकर किती अंशांवर शिजवते?" मी म्हणालो, "एकशेवीसच्या आसपास." तिने पुढे काही विचारले नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दिवसभर पुसले गेले नाही. अखेर वडी टोचून आतला रस गुलाबी न येता स्वच्छ येईपर्यंत भाजायची, असे ठरले.

चुलीवरच्या लोखंडी तव्यात वड्या पडल्या आणि चरबी जाळात ओघळून ज्वाळा टिनाला लागल्या. अवघड होते ते चीज. कृतीत भट्टीच्या वरच्या आचेखाली दोन मिनिटे ठेवा असे होते, म्हणजे उष्णता वरून हवी होती, आणि चुलीची उष्णता पूर्वापार खालूनच येते. मी आणि कन्या विचारात पडलो असताना रस्सा ढवळत बसलेले बाबा उठले. त्यांनी वड्यांवर चटणी आणि चीज घातले, तव्यावर पितळी परात पालथी घातली आणि चिमट्याने गोवरीचे लाल निखारे परातीवर पसरले. "रोडग्याले वरून आर देते तसं," एवढेच ते म्हणाले. दोन मिनिटांनी परात उचलली तेव्हा चीज सोनेरी डाग पडून वड्यांवरून ओघळत होते.

बाबांनी एक तार ओढली. ती हातभर लांब झाली. दूध नासवून, त्याचा गोळा गरम पाण्यात ओढून-ओढून हे करतात, म्हणून त्याला अशी तार सुटते, आणि इटलीत अस्सल मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते, असे कन्येने सांगितले. बाबांनी गोठ्यातल्या आमच्या तलवारीसारख्या शिंगांच्या नागपुरी म्हशीकडे वळून पाहिले. "हिले कोनी सांगतलंच नाही," ते म्हणाले.

चव चांगली होती. हे मी भीतभीत लिहितो आहे, कारण रस्सा त्याहून चांगला होता आणि तुरळक टुटीफ्रुटी मटणात लागते तेव्हा माणूस दोन क्षण थबकतो. पण फोटोंसाठी कन्येने सर्वांना दहा मिनिटे थांबवले आणि तेवढ्यात बोकडाच्या चरबीने आपला गुण दाखवला. ती गार होताच मेणासारखी थिजते. दोन घासांत सगळ्यांचे ओठ आणि टाळू असे लिंपले गेले की जेवणात बोलणे बंद झाले. आईने हाताने खूण करून चहा मागितला. आमच्या घरात भर दुपारी जेवता जेवता उकळता चहा घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. उरलेला सव्वा किलो चरबीचा साठा पुढे कोणत्या कामी आला, ते इथे सांगत नाही.

वैशाखात माळकरी काकू दरवर्षीप्रमाणे मशीन न्यायला आल्या. मी वर्तमानपत्र जवळ ओढले. आई अजिबात न अडखळता म्हणाली, "त्याचा आटा गेला, बाई."

"आखाडीत त चांगलं चाललं," काकू म्हणाल्या. आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी आहे, हे त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मग त्या ओसरीच्या कडेवर बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मशीन नाही पाहिजे मले. ते वरून निखारे ठेवाचं कसं केलं तेवढं सांगा. पोट्टे पनीरचं मांगून राह्यले."

बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि परात आणायला उठले.