वास घालवणारा टी-शर्ट आणि विषाणू

‘घामाचा वास न येणारा अँटिमायक्रोबियल (जंतुरोधक) टी-शर्ट कापून मास्क शिवा. चांदी-तांब्याचं कापड ९९.९ टक्के विषाणू मारतं, एन-९५च्या तोडीचं आहे आणि कितीही धुतलं तरी चालतं.’ करोनाच्या काळातला हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला. शेजारच्या काकांनी लगेच कात्री काढली, म्हणून हे लिहितोय.

आधी ९९.९. आकडा खोटा नसेलही, पण तो अर्धाच सांगितलाय. कापड विषाणू मारतं का, हे तपासायची आयएसओ १८१८४ ही चाचणी असते. कापडाच्या तुकड्यावर विषाणूचं द्रावण टाकतात, साधारण २ तास ठेवतात आणि मग किती उरले ते मोजतात. आपला श्वास कापडात २ तास मुक्काम करत नाही, क्षणात आरपार जातो. मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापून आला होता. त्यात करोनाचा विषाणू नुसत्या तांब्यावर ठेवला, तरी तो पुरता निकामी व्हायला ४ तासांपर्यंत वेळ लागला. मग टी-शर्टातल्या चिमूटभर तांब्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

शिवाय काकांच्या टी-शर्टाचं लेबल मी वाचलं. त्यावर फक्त वास आणि बॅक्टेरिया. विषाणूचं नावही नाही. घामाला वास आणतात ते बॅक्टेरिया, आणि हे कापड त्यांच्यासाठीच बनवलेलं.

आता ‘एन-९५च्या तोडीचं’. एन-९५ विषाणू मारत नाही, अडवतो. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रोपिलीनचे अतिबारीक तंतू असतात. त्यांच्यावर विद्युतभार असतो, आणि कण त्यांना जाऊन चिकटतात. टी-शर्ट म्हणजे होजिअरी. काकांचं कापड ट्यूबलाइटसमोर धरलं तर फासा न् फासा दिसत होता. नाकावर ताणल्यावर भोकं आणखी मोठी झाली आणि चष्म्यावर वाफ धरली. म्हणजे निम्मी हवा तर कडेनेच पळत होती! व्हिएतनाममधल्या हनोईच्या इस्पितळांतला २०१५ चा अभ्यास आहे. तिथल्या सुती मास्कमधून चाचणीत जवळपास ९७ टक्के कण पार गेले.

(याचा अर्थ ‘भोक विषाणूपेक्षा मोठं, म्हणून मास्क थोतांड’ असा काढू नका. मास्क चाळणीसारखं काम करत नाही, आणि विषाणू बहुतेक वेळा थुंकीच्या थेंबांवर, कणांवर बसून येतो.)

धुण्याबद्दल थोडक्यात: वरून दिलेला लेप प्रत्येक धुण्यात थोडा थोडा गटारात जातो. लेपाचे कण नाकात गेले तर, हा वेगळाच प्रश्न. त्याच भीतीने कॅनडाच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीनचे (कार्बनच्या अतिपातळ थराचे) मास्क वापरू नका म्हणून सांगितलं होतं.

असं कापड अगदीच कुचकामी नाही. मास्कच्या बाहेरच्या थराला ते असलं, तर काही तासांनी त्यावरचे जंतू कमी होतील, वासही येणार नाही. पण आत येणारी हवा गाळायची तर चांगला एन-९५ घ्या आणि नाकावरची पट्टी नीट दाबा.

काकांनी तोवर एक बाही कापली होती. उरलेला टी-शर्ट आता स्कूटर पुसायला आहे. वास मात्र खरंच येत नाही.