‘क्रूझला काहीच तयारी लागत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या दारव्हा-यवतमाळ भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो आहे. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: मुंबईहून क्रूझनं जाणं आता शेगावला जाण्याइतकं सोपं झालंय. एकदा तिकीट काढलं की राहणं, खाणंपिणं सगळं त्यातच, खिशात हात घालायचं काम नाही. त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरा आणि जहाजावर चढा. आधार कार्ड पुरे. फोन चालतो. जहाज मोठं असतं, त्यामुळे मळमळ होत नाही. लाइफ जॅकेटची माहिती ऐकली नाही तरी चालते. शेवटी, ‘आईवडिलांना नक्की पाठवा.’

यातलं एक मला मनापासून पटतं. ही सहल आता फक्त मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांची राहिलेली नाही. निवृत्त गुरुजी, संत्र्याचा बगीचा असलेला शेतकरी, गावातलं भिशी मंडळ, कुणीही जाऊ शकतं आणि जावंच. पण ‘तयारी लागत नाही’ हे खोटं आहे, आणि त्याचा फटका पहिल्यांदा निघालेल्या वयस्क माणसांनाच बसतो.

आधी पैशाचं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार असं धरून, आणि खिडकी नसलेल्या आतल्या खोलीचा. बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क पुष्कळदा त्यावर वेगळे लागतात. मुख्य भोजनगृहातलं जेवण, नाश्ता, पोहण्याचा तलाव आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, बाटलीबंद शीतपेयं, खास रेस्टॉरंट, वायफाय, मसाज आणि बंदरावर उतरून केलेली फिरस्ती सहसा येत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि घेतलेली प्रत्येक वस्तू त्याच्यावरच मांडली जाते. हातातून नोटा जात नाहीत, म्हणून खर्च जाणवत नाही. नातवानं मागितलेलं प्रत्येक सरबत शेवटच्या दिवशी बिलात दिसतं. म्हणून रोज संध्याकाळी स्वागतकक्षात जाऊन आजवरचा हिशेब मागा. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. पैसे भरण्याआधी एजंटाकडून ‘यात काय येतं, काय येत नाही’ हे लेखी घ्या. तोंडी ‘सगळंच आहे ना भाऊ’ याला काही अर्थ नसतो.

‘त्याच दिवशी पोहोचा’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. आपण बडनेरा, धामणगाव नाही तर वर्ध्याहून रात्रीची गाडी धरणार. ती भुसावळच्या पुढं कुठं तासन् तास थांबली तर करणार काय? बॅलार्ड पिअर हे बंदर सीएसएमटी स्टेशनापासून टॅक्सीनं अगदी जवळ आहे, पण जहाज सुटण्याच्या बरंच आधी चढणाऱ्यांची नोंदणी बंद होते. त्यानंतर आलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही, आणि भाडंही सहसा परत मिळत नाही. समृद्धी महामार्गानं गाडीनं जाणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत तो ७०१ किलोमीटर आहे आणि शेवटी मुंबईची गर्दी आहेच. एक दिवस आधी पोहोचा. एका रात्रीच्या लॉजचे पैसे बुडालेल्या सहलीपुढं काहीच नाहीत.

बंदरावर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात आणि ती खोलीत यायला काही तास लागतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, कागदपत्रं, लेकराचे कपडे एवढं हातातल्या पिशवीतच हवं. घरून बांधलेली भाकरी आणि ठेचा बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, इस्त्री, किटली, चाकू तर नाहीच. मुंबईहून निघणाऱ्या फेऱ्यांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, त्यामुळे काळजी नको.

आधार कार्ड गोव्याच्या फेरीला चालतं. पण तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे कितीतरी बायांच्या आधारवर अजून माहेरचं नाव असतं, ते बुकिंगच्या आधी पाहा. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते का आणि त्यासाठी कोणते कागद किती दिवस आधी द्यायचे, हे विचारून ठेवा. श्रीलंकेच्या फेरीला पासपोर्ट लागतो, तोही किमान सहा महिने मुदत उरलेला.

फोनचं तर उलटंच आहे. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर भारी असतात आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेले नसतात. पोस्टपेड असेल तर बिल पाहून घाम फुटेल. जहाज सुटताच फोन विमान मोडवर टाका. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका.

मळमळीचं जहाजाच्या आकारापेक्षा समुद्रावर जास्त अवलंबून आहे. २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २११ मीटर लांब आहे, तरी लाटा उठल्या की तेही डोलणारच. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. हरभरा काढून मोकळे झालात की फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा समुद्र बराच शांत असतो. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात. पोट रिकामं ठेवू नका, आल्याचा तुकडा चघळा, डेकवर उभं राहून दूर क्षितिजाकडे पाहा. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते. कोणती घ्यायची ते निघण्याआधी गावच्या डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी फार झोप येते आणि काहींच्या चालू औषधांशी त्या जमत नाहीत.

लाइफ जॅकेटच्या माहितीबद्दल मेसेजनं जे लिहिलंय, त्याची मला खरी चीड येते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जील्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आदळून कलंडलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा, संकटात लाइफ जॅकेट घालून कुठं गोळा व्हायचं याचा, सराव व्हायचाच होता, कारण तेव्हाच्या नियमात त्याला २४ तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. तो चुकवायचा नसतो. धोक्याचा भोंगा सात वेळा थोडा-थोडा आणि मग एकदा लांब वाजतो. कुठं गोळा व्हायचं ती जागा सहसा कार्डावरच छापलेली असते. आईबाबांसोबत गेलात तर ती त्यांना वाचून दाखवा, आणि खोलीपासून तिथपर्यंत त्यांच्याबरोबर एकदा जिन्यानंच चालत जा. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही.