हापूसचा शत्रू सफरचंदात शोधू नका

मुंबईतल्या कोकणी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वाशी मार्केटात आलेल्या परदेशी सफरचंदांत अळी आहे, बंदरावर कोणी काही तपासत नाही, दोन वर्षांत देवगड-रत्नागिरीचा हापूस संपणार, या किडीवर उपायच नाही, तेव्हा आत्तापासून जोरदार फवारण्या करा. गावाकडचे बागायतदार हे वाचून खरंच पंप बाहेर काढतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी अळी. सफरचंद पोखरणारी कुप्रसिद्ध अळी कॉडलिंग पतंगाची. ती सफरचंद, नासपती, अक्रोड यांवर जगते आणि तिची सुप्तावस्था, म्हणजे वाढ थांबवून पडून राहण्याचा काळ, मोडायला कडक हिवाळा लागतो. देवगडच्या दमट उन्हात तिला ना खायला मिळेल, ना थंडी. तिची चिंता काश्मीर-हिमाचलने करावी, आणि ते करतातही. लडाखमध्ये ही कीड आधीपासून आहे, म्हणून तिथली ताजी फळं बाहेर पाठवण्यावर बरीच वर्षं निर्बंध होते. कीड परदेशी आहे एवढ्यावरून धोका ठरत नाही. ती काय खाते, कोणत्या हवेत टिकते आणि कशातून येते, हे तिन्ही जुळावं लागतं.

आंब्यात अळ्या करणारी फळमाशी तर मुळात आशियातलीच, आपल्या घरची. 2003 मध्ये ती केनियात सापडली आणि तिथून आफ्रिकाभर पसरली. 2014 मध्ये युरोपीय संघाने आपल्या हापूसवर बंदी घातली तीही फळमाशीमुळेच. तेव्हा परदेशी कीड होती ती आपली.

तपासणी होत नाही, हे खोटं आहे. कीड-रोगांच्या आयातीविरुद्धचा कायदा 1914 पासून आहे, आयातीचे सविस्तर नियम 2003 चे, आणि शिवडीला वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्र आहे. पण तपासणी नमुन्यांची होते. कंटेनरमधलं प्रत्येक फळ कापून पाहणं शक्य नाही, त्यामुळे काहीतरी निसटू शकतं, हे मान्य करायलाच हवं.

निसटलंच तर मला भीती वाटते ती भूमध्यसागरी फळमाशीची. दोनशेहून अधिक वनस्पतींवर ती जगते. त्यात संत्री आहेत, पेरू आहे आणि आंबाही आहे. मूळची आफ्रिकेतली असल्यामुळे उष्ण हवा तिला नवी नाही. भारतात ती अजून स्थिरावलेली नाही. तिची वाट सफरचंदापेक्षा इजिप्त, दक्षिण आफ्रिकेच्या संत्र्यांतून जास्त आहे, म्हणूनच त्या मालाला ठरावीक दिवस शून्याच्या आसपास थंड ठेवण्याची अट असते. आणखी एक गोष्ट बागायतदारांनी नीट लक्षात ठेवावी: आपल्याकडच्या फळमाशीसाठी बागेत लावतात त्या 'रक्षक' सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाकडे ही माशी येत नाही. तिला वेगळं आमिष लागतं. सापळा रिकामा दिसला म्हणून ती बागेत नाही, असं समजू नका.

"उपायच नाही" आणि "जोरदार फवारा" ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये कशी? पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवा. मूळचा मेक्सिकोकडचा, 2008 मध्ये कोइमतूरला सापडला, पुढे महाराष्ट्रातही पोचला. त्याच्या अंगावरच्या मेणापुढे औषधं थिटी पडत होती. शेवटी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफेगस ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि तिने त्याला आटोक्यात आणलं. नुसत्या धास्तीपोटी फवारलंत, तर असे मित्रकीटक आधी मरतात आणि आंब्यावरच्या तुडतुड्या किडीला मोकळं रान मिळतं.

मुंबईत बसून करण्यासारखं खूप आहे. परदेशातून येताना बॅगेत रोप, कलम किंवा फळ आणू नका. कागदपत्रांशिवाय आलेली फांदी तपासणी चुकवूनच आत येते. आयात संत्र्यात अळी दिसली तर ते कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका, कारण फळमाशीची अळी सहसा मातीत शिरून कोष करते. घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि शिवडीच्या केंद्राला कळवा.