डी ड्राइव्हला टाकेल आहे ना भो!

जळगाव-धुळ्याकडे कोणाच्याही घरी "बॅकअप आहे का?" विचारलं की हे ठरलेलं उत्तर येतं. समजूत का पक्की झाली तेही उघड आहे. विंडोज बिघडलं की दुकानवाला फॉरमॅट मारतो, त्यात सी पुसली जाते आणि डी शाबूत राहते. दोन-तीनदा असं झालं की माणसाला वाटतं, डी म्हणजे तिजोरी. पण सी आणि डी या बहुधा एकाच डिस्कचे भाग, एकाच घराच्या दोन खोल्या असतात. डिस्क चालवणारं कंट्रोलर सर्किट जळालं, डेटा वाचणारं हेड घासलं किंवा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपची डिस्क) एका सकाळी दिसायचीच बंद झाली की दोन्ही खोल्या सोबतच जातात.

त्यामुळे "बॅकअपला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कशापासून वाचायचं आहे ते आधी ठरवा. ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटरसारखा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने, विंडोज बिघडवलं, हे एक संकट. डिस्कच मेली, हे दुसरं. लग्नाच्या फोटोंचं फोल्डर चुकून डिलीट झालं आणि तीन महिन्यांनी लक्षात आलं, हे तिसरं. तिन्हीला एकच औषध देणारं सॉफ्टवेअर मला माहीत नाही, आणि पैसे घेऊन तसा दावा करणाऱ्या पॅकेजची घरी गरजही नाही.

पहिल्या संकटाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी सिस्टिम होती तशी धरून ठेवणं. विंडोजचा स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो, कारण तो कॉपी करतच नाही. डिस्कवरचा एखादा ब्लॉक, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, बदलायची वेळ आली की जुना ब्लॉक तेवढा बाजूला काढून ठेवतो. म्हणून तो हलका, आणि म्हणूनच तो त्याच डिस्कवर अवलंबून. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, फायली कुलूपबंद करताना हे स्नॅपशॉट पुसून टाकतं. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने विंडोजचीच कमांड वापरून तेच केलं होतं.

तरीही या स्नॅपशॉटवर चालणारं विंडोजचं सिस्टिम रिस्टोअर चालू ठेवाच. बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा, 'टर्न ऑन' करा आणि जागा ५ ते १० टक्के द्या. २४० जीबीच्या एसएसडीवर म्हणजे १२ ते २४ जीबी. प्रिंटरचं सॉफ्टवेअर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकण्याआधी 'क्रिएट' दाबून हाताने एक पॉइंट करा. यातून सिस्टिमच्या फायली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही) आणि ड्रायव्हर मागे जातात. डिलीट झालेलं वर्ड डॉक्युमेंट मात्र यातून परत येत नाही, आणि लोक नेमकी तीच आशा धरून बसतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकणारे आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी स्नॅपशॉटचं सॉफ्टवेअर टाइमशिफ्ट. घरी त्यातला आरसिंक मोड (फायली कॉपी करणारा) पुरतो. स्नॅपशॉटसाठी ईएक्सटी४ सारखं लिनक्सच्या फॉरमॅटचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) लागतं, एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटची डिस्क चालत नाही. पहिला स्नॅपशॉट सिस्टिमएवढी जागा खातो, पुढचे फक्त बदललेल्या फायलींपुरते, कारण न बदललेल्या फायलींना हार्डलिंक (त्याच फाइलकडे नेणारी दुसरी नोंद) लावलेली असते. रोजचे ३ आणि आठवड्याचे २ एवढं घरी भरपूर झालं. मूळ पार्टिशन ३० जीबीचं आणि स्नॅपशॉटही त्यातच असतील तर एक दिवस जागा भरते आणि लॉगिनसुद्धा होत नाही. अजून एक: होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायलींचं, टाइमशिफ्टमध्ये मुळात वगळलेलं असतं, ते तसंच राहू द्या. ते घातलं आणि उद्या गेल्या आठवड्याचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला, तर सिस्टिमबरोबर तुमच्या आठवडाभराच्या फायलीही मागे जातील.

मॅकवाल्यांनी एक बाहेरची डिस्क लावून टाइम मशीन चालू करावं. त्यांना या पोस्टची फारशी गरज नाही.

आता दुसरं संकट, डिस्क मरण्याचं. इथे इमेज लागते, म्हणजे सगळ्या डिस्कचा जसाच्या तसा साचा. आपल्याकडच्या घरात इमेजचं महत्त्व मोठ्या शहरापेक्षा जास्तच आहे असं माझं मत. कारण एकाच मशीनवर वडिलांचं टॅली, आईच्या बचत गटाचा हिशोब, पोरांचा अभ्यास आणि श्रीलिपीचे फॉन्ट लावून केलेल्या लग्नपत्रिका, असं सगळं असतं. कशाची सीडी हरवलेली, कशाचं हार्डवेअर लॉक कोणत्या ड्रायव्हरवर चालतं ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. विंडोज नव्याने टाकायला तासभर पुरतो. हे सगळं पुन्हा जुळवण्यात मात्र चार दिवस जातात, आणि तरी एखादा फॉन्ट सापडत नाहीच. इमेज असेल तर नवी डिस्क बसवून तासाभरात काल होतं तसं मशीन समोर.

इमेज घेताना नेहमीची चूक म्हणजे फक्त सी वर टिक करणं. आजच्या मशीनमध्ये सी च्या आधी साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं, बूट तिथून होतं. ते इमेजमध्ये नसेल तर नव्या डिस्कवर सी परत येते, पण मशीन चालू होत नाही. म्हणून 'एन्टायर कॉम्प्युटर' किंवा पूर्ण डिस्क निवडा.

सॉफ्टवेअरचं बोलायचं तर वर्षानुवर्षं मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सांगितली जायची. ती कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला निवृत्त केली. जुना इन्स्टॉलर अजून इकडे-तिकडे मिळतो, पण सुरक्षा अपडेट नसलेलं बॅकअप सॉफ्टवेअर कशाला घ्यायचं? कंट्रोल पॅनेलमधलं 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' अजून दिसतं. त्याची सिस्टिम इमेज मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच बाद होणाऱ्यांच्या यादीत टाकली आहे, भरवसा ठेवू नका. आणि विंडोज ११ मधलं 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप इमेज घेतच नाही. ते सेटिंग, ॲपची यादी आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेवर, पाठवतं, तिथे फुकट जागा ५ जीबी. नाव मोठं, काम लहान.

माझी निवड वीम एजंटची फुकट आवृत्ती. मुळात हे कंपन्यांच्या सर्व्हरसाठीचं घराणं, त्यामुळे दिसायला रूक्ष. फुकटात एकच जॉब (ठरवून दिलेलं बॅकअपचं काम) करता येतो, घरी एकच लागतो. आधी रिकाम्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी मीडिया बनवा, डिस्क मेल्यावर मशीन त्यावरून चालू करायचं असतं. मग जॉबमध्ये 'एन्टायर कॉम्प्युटर' घ्या, ठिकाण म्हणून बाहेरची डिस्क द्या, आणि शेड्यूलमध्ये 'बॅकअप टार्गेट जोडल्यावर' ही खूण करा. त्याच पानावर काम संपल्यावर डिस्क इजेक्ट करण्याचीही एक खूण आहे. माझ्या मते हे सॉफ्टवेअर निवडण्याचं निम्मं कारण ती एक खूण आहे. डिस्क लावली, बॅकअप झाला, डिस्क आपोआप सुटली. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही डी ड्राइव्हसारखीच दिसते.

क्लोनझिला हे इमेजचं दुसरं सॉफ्टवेअर मी वेगळ्या कामाला ठेवीन: हार्डडिस्क काढून एसएसडी बसवण्याआधीची एकच पक्की इमेज. पेनड्राइव्हवरून बूट होतं, विंडोज बंद असतं, एकही फाइल उघडी नसते. पण पडदा निळा-करडा, आणि तो सी-डी ऐवजी 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं आणि शेजारी डिस्कचा आकार दाखवतो. 'सेव्हडिस्क' ऐवजी 'रिस्टोअरडिस्क' निवडलं तर चांगली डिस्क पुसली जाते. लागणाऱ्या दोन डिस्क सोडून बाकी सगळं उपटून ठेवा आणि नावाशेजारचा आकडा वाचून मगच एंटर दाबा. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते सरळ नाही म्हणतं, मग आधी विंडोजमध्ये पार्टिशन लहान करावं लागतं. तेच काम माऊसने करायचं असेल तर रेस्क्यूझिला आहे.

वेळेचा हिशोब. सी वर १८० जीबी भरलेलं असेल आणि पोर्टेबल हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर अर्धा तास. हीच डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावली तर वेग ३५ एमबीच्या आसपास, म्हणजे दीड तास. निळं पोर्ट शोधा. दुसऱ्या वेळेपासून फक्त बदललेले ब्लॉक जातात, पाच-दहा मिनिटांत काम उरकतं.

डिस्क १ टीबीची साधी पोर्टेबल हार्डडिस्क घ्या. कपाटात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या कॉपीसाठी मी एसएसडी सांगत नाही. एसएसडी डेटा विद्युतभाराच्या रूपात धरते, आणि वीज न मिळता गरम जागी पडून राहिली तर तो भार लवकर गळतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेचं मानक झिजलेल्या अवस्थेत ३० अंशांवर एक वर्ष एवढंच मागतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात, आणि पत्र्याखालच्या वरच्या खोलीतलं कपाट कसं तापतं ते वेगळं सांगायला नको. हार्डडिस्कसुद्धा दुपारी दोनला चालवू नका. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कवर चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बॅकअप सकाळी सहा-सातला. आणि अगदी स्वस्तात '२ टीबी' लिहिलेला पेनड्राइव्ह दिसला तर आधी त्यावर खरी जागा तपासणारं एच२टेस्टडब्ल्यू चालवा. असे बरेच आतून ३२ जीबीचे निघतात, आणि जागा संपली तरी 'कॉपी झालं' म्हणत राहतात.

डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटवर बसते, पण तिला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर सगळी यादीच बिघडू शकते. लाइट तर जाणारच. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर पंखे-दिवे चालू राहतात, पण बदलाच्या त्या क्षणात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असेल तर दहा-पंधरा मिनिटं धरा. पहिली पूर्ण इमेज त्यात मावत नाही.

बिटलॉकरकडे, म्हणजे डिस्कला एन्क्रिप्शनचं कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, दुर्लक्ष करू नका. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच कागदावर उतरवा आणि रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवा. याची दुसरी बाजू अशी की चालू विंडोजमधून घेतलेली इमेज उघडीच असते. डिस्क चोराच्या हाती लागली तर सगळं वाचता येतं, म्हणून जॉबमध्ये एन्क्रिप्शनचा पासवर्ड घाला आणि तोही त्याच कागदावर लिहा.

आता चाचणी. रिकव्हरी पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. रिस्टोअर करायचं नाही. आतली डिस्क, बाहेरची डिस्क आणि इमेजची तारीख दिसते का, एवढं बघून बाहेर पडायचं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर आतली डिस्क दिसत नाही, कारण बहुधा व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. तो ड्रायव्हर घालून मीडिया पुन्हा बनवायचा. हे आज कळलं तर दहा मिनिटांचं काम आहे, डिस्क मेल्यावर कळलं तर दुसऱ्याचं मशीन शोधत फिरावं लागेल. मग विंडोजमध्ये येऊन इमेजमधली एखादी एक फाइल काढून उघडून बघा.

तिसऱ्या संकटाला, म्हणजे उशिरा लक्षात आलेल्या डिलीटला, फायलींची साधी वेगळी कॉपी. फोटो, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, लग्नाचे व्हिडिओ. फायली कॉपी करणारं फ्रीफाइलसिंक पुरतं, पण त्यात 'मिरर' नको, 'अपडेट' निवडा. मिररमध्ये इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. बदललेली फाइल जुनीवर बसू नये म्हणून 'व्हर्जनिंग' चालू करून जुन्या प्रतींना वेगळं फोल्डर द्या. गुगल ड्राइव्हचंही तसंच: १५ जीबी फुकट, पण डिलीट केलेली फाइल कचरापेटीत ३० दिवसच राहते. टॅली प्राइमचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. तो बहुधा सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, मग पब्लिक, मग टॅलीप्राइम, मग डेटा असा असतो. टॅली बंद करून ते फोल्डरही या यादीत घाला.

दोन डिस्क घेता आल्या तर एक घराबाहेर ठेवा. जळगावातली भुसावळला मामाकडे, धुळ्यातली गावच्या घरी. अदलाबदलीला वेगळं रिमाइंडर लावायची गरज नाही. आखाजीला, कानबाईला आणि दिवाळीला जाणं-येणं होतंच, पिशवीत डिस्क टाका, तिकडची घेऊन या. डिस्कवर चिकटपट्टी लावून मशीनचं नाव आणि शेवटच्या इमेजची तारीख पेनने लिहा, आणि रिकव्हरी पेनड्राइव्ह रबरबँडने तिलाच बांधून ठेवा. पासवर्डाचा कागद मात्र तिच्यासोबत पाठवू नका.