‘ऐकून घ्यायला एवढं शिक्षण कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांसाठी चाचण्या आणि मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, व्हायचं असेल तर बारावीनंतर काय काय करावं लागतं, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक लश्करकर’ या नावाने (लश्कर हा आमच्या ग्वाल्हेरचाच एक भाग) एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सोडून दे, उत्तर देऊ नकोस, असं घरी सगळ्यांनी सांगितलं. पण त्या प्रतिक्रियेखाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणारे जमू लागले आहेत. ते वाचून एखादी मुलगी आपला निर्णय बदलेल, या काळजीने लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी.ए., एम.ए. आणि वर दोन वर्षांचं एम.फिल. असा रस्ता सांगून मी मुलांना घाबरवते आहे, असं लश्करकरांचं म्हणणं. लेखात लघुरूपांचा सुळसुळाट आहे. एम.फिल. तर आता बंदच होतंय, जागा मूठभर, खासगी ठिकाणची फी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर, मग या लेखाचा उपयोग काय? त्यांच्या भाचीने पत्रद्वारे एम.ए. केलं, आज ती एका शाळेत समुपदेशन करते आणि तिचं उत्तम चाललं आहे. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘माणसाचं दुःख ऐकून घ्यायला एवढं शिक्षण कशाला? आपल्याकडे आजी-आजोबा होते, ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन होतं. पूर्वी कुठे होते सायकॉलॉजिस्ट? पण मग तुमचं दुकान कसं चालणार, ताई!’

‘दुकान’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण तो मला लागला. ताई म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात दुकान म्हणायचं, ही ग्वाल्हेरच्या मराठी घरांमधली रीत नव्हे. माझे वडील शाळेत शिक्षक होते. एम.फिल.साठी मी घर सोडून दुसऱ्या राज्यातल्या सरकारी मनोरुग्णालयात गेले, तेव्हा नातेवाइकांनी आईला विचारलं होतं, ‘मुलीला वेड्यांच्या दवाखान्यात पाठवताय, मग तिचं लग्न कसं जमवणार?’ आईने ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. ज्या कामासाठी माझ्या घराने बोलणी खाल्ली, त्या कामाला कुणी नाव लपवून दुकान म्हणावं, हे मला मान्य नाही. मतभेद असू द्या. पण माझा हेतू तुम्ही कुठून वाचलात? लेखात मी माझ्या क्लिनिकचं नाव दिलेलं नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. मुलांनी रीतसर शिकावं असं लिहिण्यात माझा धंदा कसा वाढतो? ती मुलं शिकून याच गावात माझ्याशेजारी पाटी लावतील, आणि लावावीच.

लघुरूपांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, भारतीय पुनर्वास परिषद, आमची नोंदणी करणारी सरकारी संस्था. सीआरआर म्हणजे तिची केंद्रीय नोंदवही. पुढच्या लेखात प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव देईन.

आता त्या वाक्याकडे वळते. ऐकून घ्यायला शिक्षण लागत नाही, असं तुम्ही ठामपणे म्हणता. आपल्या घरांमधलंच एक उदाहरण घेऊ. एखादी वहिनी फार सोवळ्याची म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. हात धुते, नळ धुते, नळ धुतला म्हणून पुन्हा हात धुते. स्वयंपाक व्हायला दुपार उलटते. सासूला कौतुक, पुढे चिडचिड, मग भांडणं. ती रडत सांगते, ‘मला कळतं हो की हात स्वच्छ आहेत, पण मन ऐकत नाही.’ आपण याला मंत्रचळ म्हणतो, डॉक्टर ओसीडी म्हणतात. आता तिला एक प्रेमळ, समजूतदार, तुम्ही म्हणता तसा मन लावून ऐकणारा माणूस भेटला, तर तो काय करेल? तिने ‘झाले ना स्वच्छ?’ विचारलं की तो म्हणेल, ‘झाले गं, अगदी स्वच्छ झाले.’ तिला क्षणभर बरं वाटेल. मग शंका परत येईल, ती पुन्हा विचारेल, तो पुन्हा धीर देईल. आजार नेमका यावरच पोसला जातो. हात धुणं आणि धीर मागणं, दोन्हींचं काम एकच असतं, भीती तात्पुरती विझवणं. म्हणून भीती आपणहून ओसरते हा अनुभव त्या बाईला कधी मिळतच नाही.

उपचार बरोबर याच्या उलट दिशेने जातो. तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने, कमी भीतीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची. दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, तिथेच थांबायचं, तिच्यासोबत बसायचं, ती उतरेपर्यंत. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीने उपचार केलेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि आज मंत्रचळावरच्या मानसोपचारात हीच पद्धत पहिल्या क्रमांकाची मानली जाते. त्याबरोबर घरच्यांनाही शिकवावं लागतं की ‘झालं ना?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. रडणाऱ्या बाईला धीर देऊ नका, हे नवऱ्याला सांगणं किती कठीण असतं, याची तुम्हाला कल्पना आहे का, लश्करकर? आणि कुठल्या रुग्णाला धीर द्यायचाच, कुणाला लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे औषधांसाठी पाठवायचं, कुणाचा हा आजारच नसून दुसरं काही आहे, हे ओळखायला कोण शिकवतं? मायेने ऐकणाऱ्या माणसानेच इथे नुकसान केलं, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या माणसांचा दोष नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरं, शाळेतून येणारी मुलं. ‘अभ्यासात मठ्ठ आहे’ अशी चिठ्ठी घेऊन आई मुलाला आणते. बुद्ध्यंक काढून द्या, म्हणते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिचाचणीचं आपल्या मुलांसाठी रूपांतर केलं, ती बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरतात. त्यातले प्रश्न वाचून विचारायला काही लागत नाही, कुणीही विचारू शकेल. पण आमच्या सुपरवायझर मॅडमना रिपोर्ट दाखवायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ‘कान तपासले का?’ ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याचा बुद्ध्यंक कमीच येणार. मग दुसरा प्रश्न, घरी कुठली भाषा बोलतात? आमच्या ग्वाल्हेरमध्ये घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी कितीतरी मुलं आहेत. मग तिसरा, वर्गात मध्येच क्षणभर शून्यात बघतो का? कारण तो फिट्सचाही एक प्रकार असू शकतो, आणि मास्तरांना वाटतं पोरगं लक्ष देत नाही. एवढं सगळं झाल्यावर आकड्याची पाळी. त्या आकड्यावर अपंगत्वाचा दाखला मिळतो किंवा नाकारला जातो. वर्गातून काढायचं की ठेवायचं, हेसुद्धा काही शाळा त्यावरच ठरवतात. पोराच्या आयुष्यावर चिकटणारा हा कागद, आणि तुम्ही विचारता शिक्षण कशाला?

एम.फिल.च्या दोन वर्षांत काय असतं ते आता सांगते, म्हणजे ‘वर आणखी दोन वर्षं’ हा तुमचा तिरकस उल्लेख तुमचा तुम्हीच परत वाचाल. पूर्ण वेळ, रुग्णालयात. सकाळी वॉर्ड किंवा ओपीडी. रुग्णाची आणि घरच्यांची सविस्तर माहिती घ्यायची, मानसिक स्थितीची तपासणी करायची, मग सगळ्यांसमोर केस मांडायची आणि सीनियर मंडळींचे प्रश्न झेलायचे. पहिल्या वर्षी मानसिक आजारांची मानसिक-सामाजिक कारणं, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, मनोविकारशास्त्र असे पेपर, आणि चाचण्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, तिच्यासाठी पाच पूर्ण निदान-अहवाल सादर करायचे. दुसऱ्या वर्षी मेंदू आणि वर्तन, मानसोपचार आणि समुपदेशन, शारीरिक आजारांमधलं मानसशास्त्र, पाच रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या पूर्ण नोंदी आणि प्रबंध. आत्महत्येचे विचार येतात का, हे समोरच्याला थेट विचारायचं असतं आणि विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, हे मी तिथे शिकले. त्याआधी मला तो प्रश्न तोंडातून काढवत नव्हता. तुम्हालाही काढवणार नाही. कीर्तनकारांनाही नाही, आणि त्यांचं ते कामही नाही.

मठाबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. लहानपणी आजीबरोबर मीही तिथे कीर्तनाला बसले आहे, आणि दुःखी माणसाला तिथे आधार मिळतो यात मला शंका नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी भजन-कीर्तन सोडायला कधीही सांगत नाही. पण ‘पूर्वी कुठे होते सायकॉलॉजिस्ट, तरी लोक जगलेच’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कोण जगले? जे तगले त्यांची आपण आठवण काढतो. बाकीचे वाड्याच्या मागच्या खोलीत होते, आणि त्यांचं नाव वंशावळीतसुद्धा नीट घेत नाहीत. आणि काही आपल्याच मानसिक आरोग्यशाळेच्या भिंतीआड होते. तिथल्या दुरवस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९९४ मध्ये त्यावर निकाल झाला, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तिन्ही मनोरुग्णालयांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. साऱ्या देशातल्या त्या तीन नावांत आपल्या गावाचं नाव होतं. स्वतःला लश्करकर म्हणवून घेणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं. शिवाय हे शिक्षण कालपरवाची फॅशन नव्हे. बंगळूरच्या ज्या संस्थेची पुढे निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था झाली, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम १९५५ पासून आहे.

माणसं कमी आहेत हे मलाही दिसतं. निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. पण टंचाई आहे म्हणून अर्धवट शिकलेल्याकडे पाठवा, हे तुम्ही स्वतःच्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी म्हणाल का?

बाकीचे मुद्दे थोडक्यात. एम.फिल. बंद होतंय म्हणून माझा लेख निरुपयोगी, हे तुम्ही लेख शेवटपर्यंत न वाचता लिहिलं आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली, पण क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा दिली, हे मी लिहिलं होतं. सायडी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी, आणि बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एससी. ऑनर्स हे नवे रस्तेही लिहिले होते. पदवीचं नाव बदललं तरी रुग्णांमध्ये, देखरेखीखाली शिकणं टळत नाही. फी आणि जागांचं दुखणं खरं आहे, काही सरकारी संस्थांमध्ये विद्यावेतन मिळतं, पण जागा वाढवणं माझ्या हातात नाही. ती तक्रार दिल्लीला करा. मला का सुनावता?

कायद्याचं मात्र एक सांगून ठेवते, कारण तुमच्या प्रतिक्रियेखाली कुणीतरी ‘पाटीवर काहीही लिहा, कोण विचारतो’ असं म्हटलं आहे आणि तुम्ही त्याला अंगठा दिला आहे. आरसीआयचा कायदा १९९२ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसताना हे काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं, याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दिली आहे. अंगठा देण्याआधी निदान हे तरी वाचायचं.

राहिली तुमची भाची. तिच्याविरुद्ध मी लेखात अवाक्षर लिहिलेलं नाही, कारण ती मला ठाऊकच नव्हती. तिला मध्ये आणलंत तुम्ही. शाळेतलं समुपदेशन हे महत्त्वाचं काम आहे. परीक्षेची भीती, मैत्रिणींमधली भांडणं, घरातले ताण, यात एक चांगली समुपदेशक मुलांचं खूप भलं करते, आणि एखाद्या मुलाच्या हातावर ब्लेडचे व्रण दिसले तर ते मूल पुढे पाठवायचं हे तिलाच आधी कळतं. फक्त तिने चाचण्या करून निदान लिहू नये, आणि दारावर क्लिनिकल शब्द लावू नये. तिने एम.ए. केलं तेव्हा पत्रद्वारे करता येत होतं. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत, तेव्हा तुमचा तो सल्ला आता कुणी नव्याने घेऊ नये. तिची आधीची पदवी आहे ती आहे. एम.ए.ला ५५ टक्के असतील तर पुढच्या प्रवेशपरीक्षांचा तिने जरूर विचार करावा. एक वर्षाचा पुनर्वास मानसशास्त्राचा डिप्लोमाही आरसीआयच्या मान्यतेचा आहे, तो शाळेत काम करणाऱ्यांना उपयोगी पडतो.

तिला काही विचारायचं असेल तर तिने स्वतः मला लिहावं. मी सविस्तर उत्तर देईन, हवं तर घरी बोलावून जुन्या प्रश्नपत्रिका देईन. तुम्ही मात्र यापुढे इथे लिहिणार असाल तर खऱ्या नावाने लिहा, आणि दुकानाचं ते वाक्य आधी मागे घ्या. तोवर तुमची पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.