भोंगा वाजला तरी जावं कुठं?

मागच्या वर्षीचा ऑक्टोबर. दुपारी दोनच्या सुमारास शाळेत फोनवर मेसेज आला : पुढील ३ तासांत लातूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. त्या आठवड्यात असे मेसेज रोज येत होते. मी वाचला, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि सहावीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवायला गेले.

साडेतीनला गावातून फोन आला. खालच्या शिवारात सोयाबीन काढायला गेलेल्या बायकांवर वीज पडली होती. आमच्या गल्लीतली मावशी जागच्या जागी गेली, आणखी दोघी भाजल्या. पाऊस आला म्हणून सगळ्या बांधावरच्या कडुलिंबाखाली जाऊन थांबल्या होत्या.

तेव्हापासून तो मेसेज माझ्या डोक्यातून जात नाही. मला मिळालेली माहिती अगदी बरोबर होती. वेळेत मिळाली होती, मराठीत होती. पण ती सिमेंटच्या स्लॅबखाली बसलेल्या मला मिळाली. शेतात अकरा बायका होत्या आणि त्यांच्यात साधा फोन एकीजवळच होता, तोही जेवणाच्या पिशवीत. शेतमालकाच्या मुलाच्या फोनवर मेसेज आला होता, पण तो तेव्हा खतासाठी तालुक्याला गेला होता.

आपल्याकडे हवामान खात्याला नावं ठेवायची जुनी सवय आहे. खातं पाऊस म्हणालं की ऊन पडतं, असं सगळेच म्हणतात. मला आता ते बोलणं ऐकवत नाही. विजेच्या बाबतीत तर नाहीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने देशभर विजेचे सेन्सर बसवले आहेत, त्यावर ‘दामिनी’ नावाचं ॲप चालतं. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. हवामान खातं दर तीन तासांचा तातडीचा अंदाज देतं. एवढं सगळं असूनही २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, हा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत दगावलेल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त माणूस विजेने गेला. पण वीज एकेका शिवारात एकेकाला गाठते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि पंचनामा होतो.

इशाऱ्याच्या रंगांचंही बोलायला हवं, कारण गावात त्याचा अर्थ फार चुकीचा लावला जातो. लाल म्हणजे धोका, नारंगी म्हणजे जरा जपून आणि पिवळा म्हणजे काही नाही, असं लोक धरून चालतात. मी स्वतःही तेच धरत होते. पण विजांचा इशारा आमच्याकडे बहुतेक वेळा पिवळाच असतो. लाल रंग मुख्यतः अत्यंत मुसळधार पावसाला लागतो, २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर वगैरे. मराठवाड्यात तसे दिवस थोडे. आमची माणसं पिवळ्या दिवशी मरतात. जिल्हाभर पाहिलं तर धोका कमी असतो, हे खरंच. पण एका ढगाखाली उघड्या रानात उभ्या असलेल्या बाईला जिल्ह्याची सरासरी काय कामाची? ‘तुरळक ठिकाणी’ या दोन शब्दांत ती बसलेली असते.

दिवाळीनंतर मी, आमच्या आशाताई आणि गावातली दोन पोरं असे मिळून कामाला लागलो. मेसेज आला की मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं, असं ठरलं. मला वाटलं होतं, झालं, प्रश्न सुटला. मग एके संध्याकाळी पारावर बायकांना गोळा करून हे सांगितलं, तेव्हा सत्तरीच्या एक आक्का म्हणाल्या, “बाई, भोंगा वाजला तरी जावं कुठं माय?”

मी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पायी चालून पाहिलं. खालच्या शिवारातून गावात यायला मला पंचेचाळीस मिनिटं लागली. मध्ये ओढा, पुढे काळ्या मातीची पायवाट, पाऊस पडला की चप्पल हातात घ्यावी लागते. आणि ढग? तो पश्चिमेला दिसला की वीस-पंचवीस मिनिटांत डोक्यावर येतो. म्हणजे भोंगा वाजल्याबरोबर निघालेली बाई नेमकी अर्ध्या वाटेत, उघड्या माळावर सापडणार. तिथे तिच्याहून उंच काहीच नाही. त्यापेक्षा लिंबाखाली थांबलेलं बरं, असं तिला वाटलं तर चूक कुणाची?

झाडाखाली काय होतं तेही नीट सांगायला पाहिजे, कारण नुसतं ‘झाडाखाली थांबू नका’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि तरी थांबतो. वीज झाडावर पडते, खोडातून खाली येते आणि वाटेतच शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. उरलेली जमिनीत शिरून चहूकडे पसरते. आपले दोन पाय लांब-लांब असतील तर एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरते. गुरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून एका झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम मरतात. जवळ काहीच आडोसा नसेल तर झाडापासून दूर, खोलगट जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही आणि एकमेकींपासून लांब राहायचं. पण याला मी वाचण्याचा उपाय म्हणणार नाही. मरण्याची शक्यता थोडी कमी होते, इतकंच. उघड्या रानात सुरक्षित जागा नसतेच. भिंती असलेलं पक्कं घर किंवा काचा लावलेली, पत्र्याच्या टपाची बंद गाडी, हे दोनच खरे आसरे. चार खांबांवरचा आखाडा, म्हणजे शेतातलं उघडं छप्पर, चालत नाही, ट्रॅक्टर तर मुळीच नाही.

आणखी एक. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, तितके किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावर पडू शकते, थेंब पडत नसला तरीही. आमच्याकडे सगळे पाऊस सुरू झाला की निघतात. तोवर उशीर झालेला असतो.

त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली, ती लिहिताना हात थांबतो. मावशीला बराच वेळ कुणी हात लावला नाही. वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहतो असं सगळे म्हणत होते. राहत नाही. विजेने बंद पडलेलं हृदय काही वेळा छाती दाबून पुन्हा चालू करता येतं. मावशी वाचली असती असं मी म्हणत नाही, पण तिच्यासाठी कुणी काही करून पाहिलं नाही. नंतर लोक म्हणाले, ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. तिच्या मुलीच्या देखत म्हणाले. पायाळू माणसावर वीज पडते हे मीही आजीकडून ऐकलेलं आहे. पण त्या पोरीने ते कसं ऐकलं असेल? आईच्या जन्मातच दोष होता म्हणून आई गेली, असं? अकरा बायका एका झाडाखाली उभ्या होत्या, जवळ भिंत असलेली एक खोली नव्हती, एवढंच कारण आहे.

आता माझं म्हणणं. इशारा देण्यावर आपण पुष्कळ काम केलंय, आसऱ्यावर केलेलं नाही. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ला ‘फायलिन’ आलं तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. अंदाज सुधारला होताच, पण मधल्या वर्षांत किनाऱ्यावर पक्की निवारा केंद्रं उभी राहिली होती आणि लाखो माणसांना तिथे नेऊन ठेवता आलं. तिथल्या बाईला ‘जावं कुठं’ याचं उत्तर माहीत होतं. आमच्या शिवाराला चक्रीवादळाचं केंद्र नको, एक खोली पुरेल. चार भिंती, स्लॅब, वर नीट जमिनीत उतरवलेलं वीज अटकाव यंत्र. वीज पडून माणूस गेला तर वारसांना सरकार चार लाख रुपये देतं आणि ते दिलेच पाहिजेत. पण खोलीही तेवढ्यातच कुठेतरी होईल, आणि ती पाच शिवारांच्या मध्ये वर्षानुवर्षं उभी राहील.

दुसरी अडचण मजुरीची, आणि ती खोलीपेक्षा अवघड आहे. सोयाबीन काढणी एकरी गुत्त्यावर, म्हणजे ठेक्याने, चालते. आभाळ आलं की घाई वाढते : काढलेलं गोळा करायचं, बनीम (काढलेल्या पिकाची गंजी) लावायची, ताडपत्री झाकायची. शेतकऱ्याचंही वर्षाचं पीक उघड्यावर असतं, त्याला मी दोष देत नाही. पण नेमक्या त्या अर्ध्या तासात, जेव्हा निघायला पाहिजे, तेव्हाच सगळ्यात जोरात काम चालतं. खुरपणीला दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, ३०० रुपये. दुपारी दोनला उठून गेलं तर तो रोज द्यायचा की तोडायचा, हे कुणी ठरवलेलं नाही. म्हणून कुणी आधी उठत नाही. त्या दिवशीही मावशीच म्हणाली होती, एवढी ओळ संपवू.

येत्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव मांडतोय. खालच्या शिवारात ओढ्याच्या अलीकडे गायरानाच्या कडेला खोली, आणि इशाऱ्यामुळे काम थांबलं तर निम्मा रोज. काढणीच्या दिवसांत मजूर नेणारा बंद टपाचा टेम्पो दिवसभर शेताजवळच उभा ठेवायचा, हे एका टेम्पोवाल्याने आताच कबूल केलंय, डिझेल गावाने द्यायचं. निम्म्या रोजाला सहा शेतकरी हो म्हणालेत. त्यातला पहिला हो, ज्याच्या शेतात मावशी गेली त्याचा होता. खालच्या शिवारातली अजून चौदा घरं राहिलीत. उद्या शाळा सुटल्यावर तिकडे जाणार आहे, आक्काही येते म्हणाल्यात.