प्रतिनिधी स्वयंसेवकांचा हवा

यंदा जे कॉलेजात एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, विद्यार्थी प्रतिनिधी होतील, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत एनएसएसचा एक विद्यार्थी असतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार त्याला प्राचार्य नेमतात. नेमणूक वरून होते, म्हणून पुष्कळदा प्रतिनिधीही वरच्यांचाच होऊन बसतो. हजेरी घे, बॅनर लाव, ग्रुपवर 'उद्या सकाळी सातला, टी-शर्ट कंपल्सरी' टाक. ही कामं कुणीतरी करायलाच हवीत, पण स्वयंसेवकांच्या वतीने बोलणार कोण?

मी प्रतिनिधी असताना सगळ्यात जास्त वाद झाला तो सेवेच्या तासांवरून. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक सात दिवसांचं शिबिर, मग प्रमाणपत्र, असा नियम. प्रत्यक्षात तासांची नोंद ठेवायच्या काही डायऱ्या वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्या जायच्या. दर रविवारी वस्तीवर शिकवायला जाणारी मुलगी आणि उद्घाटनाला तोंड दाखवून गेलेला मुलगा, दोघांचे तास सारखेच! मी एनएसएस बघणाऱ्या सरांकडे विषय काढला. ते आधी चिडले, पण नंतर उपक्रम संपताच जागेवर सही घ्यायची पद्धत त्यांनीच लावली.

शिबिराचंही तेच. बॅनरवर 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' लिहायचं आणि गावाला काय हवंय ते विचारायचंच नाही. आमची ग्रामसफाई ठरली होती. आधी जाऊन बायकांशी बोललो, तर त्या म्हणाल्या, "झाडलोट आम्ही रोज करतो. ओढ्याला बांध घाला, गुरांना पाणी होईल." मग वनराई बंधारा धरला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, सांध्यावर सांधा येऊ न देता थर रचायचे. आमचा पहिला थर वाकडा गेला, तेव्हा काठावर बसलेले दोन आजोबा धोतर खोचून ओढ्यात उतरले आणि गोण्या नीट लावून देऊ लागले. सफाईच्या फोटोसाठी ते उतरले नसते.

आणि एक. मुक्कामाची जागा बघायला जाताना सोबत एक तरी मुलगी न्याच. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, रात्री तिथवर दिवा आहे का, हे ती सगळ्यात आधी बघते. हे प्रश्न शिबिराच्या पहिल्या रात्री सुटत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. नेमणूक प्राचार्यांनीच करावी, पण नाव स्वयंसेवकांनी सुचवलेलं असावं. युनिट साधारण शंभर जणांचं. एका दुपारी, सगळ्यांसमोर हात वर करूनही हे ठरवता येईल.